३६० हर्ट्झचा मॉनिटर हप्त्यावर घ्यावा का?

प्रश्न : वय २६, भांडुपला आई-वडिलांसोबत राहतो. हातात पगार ३८ हजार येतो. घरी १४ हजार देतो, ५ हजारांची एसआयपी आहे, फोनचा २,९०० चा हप्ता अजून चार महिने चालेल. लोकल, डबा नसेल तेव्हाचं जेवण, रिचार्ज वगैरे ७ हजार. बचत खात्यात ४५ हजार आहेत. रोज रात्री व्हॅलोरंट हा नेमबाजीचा ऑनलाइन गेम खेळतो. सध्याचा मॉनिटर ६० हर्ट्झचा आहे. ३६० हर्ट्झचा ३२ हजारांचा मॉनिटर १२ महिन्यांच्या नो-कॉस्ट ईएमआयवर मिळतोय. पीसीमध्ये जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड आहे. गेममध्ये सेकंदाला १५० ते १७० फ्रेम मिळतात, गडबडीत ११० पर्यंत उतरतात. मित्र म्हणतात, टूर्नामेंट खेळून पैसे वसूल होतील. वडील पुढच्या मे महिन्यात निवृत्त होतायत. घेऊ का?

उत्तर : मॉनिटर घ्या. पण हा नको, आणि हप्त्यावर तर नकोच.

तुम्ही फ्रेमचे आकडे लिहिलेत ते फार बरं केलंत. अशा प्रश्नात लोक पगार सांगतात, कार्ड सांगत नाहीत, आणि निम्मा निर्णय तिथेच असतो. पीसी सेकंदाला जितकी चित्रं तयार करतो, त्या फ्रेम. पडदा सेकंदाला किती वेळा नवं चित्र दाखवू शकतो, ते हर्ट्झ. ६० हर्ट्झवर एक चित्र १६.७ मिलिसेकंद टिकतं, १४४ वर ६.९, २४० वर ४.२ आणि ३६० वर २.८. म्हणजे ६० वरून १४४ वर गेलात की जवळपास १० मिलिसेकंद वाचतात. तिथून थेट ३६० वर उडी मारलीत तरी पुढे वाचतात जेमतेम ४. पहिला फरक माउस हलवताक्षणी कळतो. दुसरा फरक रोज सरावाला बसणाऱ्या खेळाडूला जाणवतो, नाही असं नाही. पण त्यासाठी पीसीने तेवढ्या फ्रेम द्यायला हव्यात.

तुमचा पीसी १५० देतोय. मग ३६० हर्ट्झचा पडदा बऱ्याचदा जुनंच चित्र पुन्हा दाखवत बसणार. प्रत्येक चित्र पडद्यावर वरून खाली जरा लवकर उतरेल, एवढाच काय तो फायदा. तो पडदा पुरेपूर वापरायचा तर कार्ड बदला, आणि व्हॅलोरंटचा भार प्रोसेसरवर बराच असल्याने कदाचित तोही बदला, त्याच्यासोबत मदरबोर्ड आला. ३२ हजारांच्या मॉनिटरमागून अशी रांग लागते. मित्रांनी हे सांगितलेलं दिसत नाही.

आता हप्ता. ३२ हजार भागिले १२, महिन्याला सुमारे २,६६७. नो-कॉस्ट म्हणजे बँक व्याज घेतच नाही असं नाही. व्याज लागतं आणि तेवढी सूट विक्रेता किमतीत देतो. त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी मात्र तुमच्याच खिशातून जाते. व्याजदर १५ टक्के आणि फी २०० रुपये धरली तर हे सगळं ६५०-७०० रुपयांच्या आसपास येतं. रक्कम मोठी नाही, ती माझी खरी हरकतही नाही. रोखीने घेणाऱ्याला जी सूट मिळते ती ईएमआयवर बहुधा मिळत नाही, ती किंमत आधी विचारून बघा. आणि हप्ता क्रेडिट कार्डावर असेल आणि एखाद्या महिन्यात बिल पूर्ण भरलं नाही, तर उरलेल्या रकमेवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या घरात व्याज सुरू होतं.

मला खटकतात ते मे महिन्यानंतरचे हप्ते. आज घेतलात तर १२ महिने वडिलांच्या निवृत्तीच्या पलीकडे जाण्याची दाट शक्यता आहे. तेव्हा घरी १४ ऐवजी १८-२० हजार द्यावे लागले तर? आजच्या हिशोबाने तुमच्याकडे महिन्याला ९ हजार उरतात असं दिसतं, पण ते बचत खात्यात साठताना दिसत नाहीत, नाहीतर शिल्लक ४५ हजारांवर थांबली नसती. घर, प्रवास, फोनचा हप्ता मिळून तुमचा खर्च २४ हजारांच्या आसपास आहे. म्हणजे गाठीशी दोन महिन्यांचाही खर्च नाही. वडिलांच्या शेवटच्या पगाराआधी ती रक्कम निदान लाखाच्या जवळ न्या. आणि त्यांचा वैद्यकीय विमा कंपनीच्या ग्रुप पॉलिसीवर असेल तर निवृत्तीनंतर तो चालू राहतो का, हे या आठवड्यातच विचारा. मॉनिटरपेक्षा हे तातडीचं आहे.

टूर्नामेंटच्या कमाईबद्दल स्पष्ट बोलतो. बक्षीस मिळालं तर आनंद आहे, पण ते गृहीत धरून हप्ता बांधू नका. ५० रुपये भरा, प्रत्येक किलमागे १० मिळवा, असले टेलिग्राम ग्रुप तर साफ टाळा. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर २०२५ च्या कायद्याने बंदी आणली आहे. ई-स्पोर्ट्स त्यातून वेगळे ठेवले आहेत, पण असल्या ग्रुपांना ते नाव लावलं म्हणून ते ई-स्पोर्ट्स होत नाहीत. मॉनिटर हा छंदाचा खर्च आहे. एसआयपी चालू ठेवून पगारातून केलेल्या छंदाच्या खर्चाला माझी कधीच ना नसते.

तेव्हा असं करा. १४४ ते १८० हर्ट्झचा, २४ इंची, फुल एचडी, आयपीएस पॅनेलचा (हा पडद्याचा एक प्रकार) मॉनिटर साधारण १० ते १४ हजारांत मिळतो. तुमच्या ११० ते १७० फ्रेमना तो नेमका पुरतो. फ्रीसिंक किंवा जी-सिंक कम्पॅटिबल (पडद्याचा वेग फ्रेमशी जुळवून घेणारा) असावा, म्हणजे फ्रेम वरखाली झाल्या तरी चित्र फाटत नाही. व्हीए या दुसऱ्या प्रकारचं स्वस्त पॅनेल टाळा, अंधाऱ्या कोपऱ्यात हलणारी आकृती त्यात ओघळल्यासारखी दिसते. खोक्यावर रिस्पॉन्स टाइम, म्हणजे पिक्सेलला रंग बदलायला लागणारा वेळ, ‘१ मिलिसेकंद’ लिहिलेला असतो, त्यावर जाऊ नका, ते मोजायच्या पद्धती वेगवेगळ्या असतात. पुढच्या तीन पगारांतून ४-४ हजार बाजूला काढा, उरलेले ५ हजार बचतीत टाका, एसआयपीला हात लावू नका. फोनचा शेवटचा हप्ता आणि मॉनिटर साधारण एकाच सुमाराला येतील.

दरम्यान एक काम स्वस्तात जमलं तर बघा. राउटर हॉलमध्ये आणि तुम्ही आतल्या खोलीत वायफायवर खेळत असाल, तर लॅनची वायर ओढा. काही शे रुपयांत होतं. व्हॅलोरंटचा सर्व्हर मुंबईतच आहे, त्यामुळे पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ, मुळात कमी. वायफायवर तो मध्येच उसळतो तेव्हा जे नुकसान होतं, ते कुठलाही मॉनिटर भरून काढत नाही.

खरेदी ऑनलाइन करा किंवा लॅमिंग्टन रोडला. तिथे गेलात तर दुकानातच पडदा लावून डेड पिक्सेल, म्हणजे बंद पडलेले ठिपके, तपासा, आणि किती पिक्सेल मेल्यावर बदलून देतात ते आधीच विचारून घ्या. वॉरंटीसाठी सिरियल नंबर असलेलं जीएसटी बिल मागा. बिलाशिवाय हजार कमी म्हणाले तरी नको. घरी आल्यावर डिस्प्लेपोर्टची वायर वापरा, जुन्या एचडीएमआय १.४ वर फुल एचडी सहसा १२० हर्ट्झच्या पुढे जात नाही. मग विंडोजच्या अॅडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये जाऊन रिफ्रेश रेट स्वतः निवडा, तो बहुतेकदा ६० वरच असतो.