व्हिक्टोरियन इमारतींचं सचित्र पुस्तक: मांडणीआधी एवढं बघा

भाऊ, मुखपृष्ठ नंतर. आधी पानांचा हिशोब करा: १६ पानांचा एक फर्मा (एकाच मोठ्या कागदावर छापून घडी घातलेला गठ्ठा), म्हणजे ८ फर्म्यांत १२८ पानं. १३० पानांचा मजकूर केलात तर दोन पानांसाठी जादा कागद जाईल.

उंच मनोरे नि कमानी असल्यानं उभा आकार घ्या. राजाबाई टॉवर आडव्या पानात चेपून बसतो. खालून वर कॅमेरा करून काढलेल्या फोटोत भिंती आत झुकतात. त्या सरळ करताना कडा कापल्या जातात, म्हणून काढतानाच चौफेर मोकळी जागा सोडा. भुसावळहून रात्रीच्या गाडीनं मुंबईला उतरून सकाळीच सीएसएमटी टिपायची घाई नको. तिचं दर्शनी तोंड पश्चिमेला आहे, त्यामुळे कोरीवकाम दुपारनंतरच्या तिरप्या उन्हात उठून दिसतं.

१० इंच रुंद छापायच्या फोटोला ३००० पिक्सेल हवेतच. व्हॉट्सॲपवरून आलेला चालणार नाही. रेषाचित्रं १२०० डीपीआयला (एका इंचात १२०० ठिपके) स्कॅन करा, नाहीतर जाळीकामाच्या रेषा दातेरी येतात. चारही बाजूंना ३ मिमी ब्लीड, म्हणजे कापणीत जाणारी जादा छपाई, ठेवा.

सगळ्यात जास्त चुका बांधणीपाशी होतात. घुमट दोन पानांच्या मध्यावर ठेवला की शिवणीत गडप! आणि कागदाचा धागा, म्हणजे त्यातल्या तंतूंची दिशा, पुस्तकाच्या कण्याला समांतर आहे ना, हे छापखान्यात आधीच विचारा. आडव्या धाग्याची पानं आपल्या खान्देशी उन्हाळ्यात हमखास वाकडी होतात.

चित्राखाली वास्तुकार नि साल द्या: सीएसएमटी, एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स, बांधकाम १८७८ ते १८८८.