फुले भरपूर, फळे मोजकी

प्रश्न : जुन्नर तालुक्यात आमची टोमॅटोची उन्हाळी लागवड असते. यंदा एप्रिलच्या मध्यात झाडे फुलांनी लगडली, पण बहुतेक फुले देठाच्या गाठीपाशी पिवळी पडून गळाली. पाणी व खत वेळेवर दिले होते, कीडही दिसली नाही. वनस्पतिशास्त्र शिकणाऱ्या माझ्या मुलीने परागकण ॲसिटोकार्मिन या रंगद्रव्यात तपासले, तेव्हा निम्म्याहून अधिक कण सुरकुतलेले आणि रंग न घेतलेले निघाले. फुले उमलली तेव्हा तर वळीव पडून हवा गार झाली होती. मग पराग बिघडले कशाने?

उत्तर : आपण फूल उमलल्या दिवसाचे तापमान पाहिलेत, पाहायला हवे होते ते कळीच्या दिवसांचे. टोमॅटोच्या परागकोशात मातृपेशींचे अर्धगुणसूत्री विभाजन होऊन कोवळे परागकण तयार होतात ते फूल उमलण्याच्या साधारण आठ-दहा दिवस आधी, आणि उष्णतेला झाड सर्वांत हळवे असते ते नेमके याच सुमारास. परागकोशाच्या आतल्या बाजूस पेशींचा एक पोषक थर असतो, तो या कोवळ्या कणांना अन्न पुरवतो. दिवसाचे तापमान 32 ते 35 अंशांपुढे आणि रात्रीचे 21 अंशांपुढे सलग राहिले की या थराचे काम बिघडते आणि कण अर्धपोटी राहतात. निरोगी परागकणात उमलण्यापूर्वी दोन-तीन दिवस भरपूर स्टार्च साठलेला असतो व उमलताना त्याची साखर होते. परागकणातून निघून बीजांडापर्यंत जाणारी परागनलिका वाढते ती या शिदोरीवर. उष्णतेत हा साठाच होत नाही. रात्रीच्या उकाड्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही, पण माझ्या मते दुपारच्या उन्हाइतकाच तोही दोषी आहे.

स्त्रीकेसर तुलनेने काटक असतो. उन्हात वाढलेल्या झाडाच्या फुलावर थंड हवेत वाढलेल्या झाडाचे पराग लावले, तर फळधारणा बरीच सुधारते. उलट, थंड हवेतल्या झाडावर तापलेल्या झाडाचे पराग लावले तर ती घटते. कन्येला हा प्रयोग करून पाहता येईल, मात्र ज्या फुलावर पराग लावायचे त्याचे परागकोश कळीतच काढून टाकावे लागतील, कारण टोमॅटो स्वपरागित आहे. प्रखर उष्णतेत आणखी एक अडचण येते : काही वाणांत कुक्षिवृंत, म्हणजे स्त्रीकेसराचा दांडा, लांबून कुक्षी, म्हणजे त्याचे पराग झेलणारे टोक, परागकोशांच्या शंकूबाहेर डोकावते आणि चांगले परागही तिच्यापर्यंत पोहोचत नाहीत. भिंगाखाली हे सहज दिसते.

कन्येच्या तपासणीबद्दल एक सूचना. ॲसिटोकार्मिनचा रंग घेतला म्हणजे कणात पेशीद्रव्य आहे एवढेच कळते, तो रुजेलच असे नाही. साखर आणि किंचित बोरिक ॲसिड यांच्या द्रावणात कण ठेवून किती कणांना परागनलिका फुटते हे मोजल्यास खरा आकडा हाती येईल, आणि तो बहुधा रंगाच्या आकड्यापेक्षा कमीच असेल.

उपायांबाबत स्पष्टच लिहितो : फुले गळू लागल्यावर केलेल्या फवारणीने वांझ झालेले पराग सुधारत नाहीत. एनएए (नॅप्थॅलीन ॲसिटिक ॲसिड) यासारख्या संजीवकाने फूल देठावर टिकते व फळही धरते, परंतु ते बहुधा कमी बियांचे, आतून पोकळ आणि वजनाला हलके राहते. बोरॉन परागनलिकेला लागतो खरा, पण जमिनीत त्याची कमतरता नसताना जास्तीचा देऊन लाभ नाही, अपाय मात्र होऊ शकतो. कळ्या धरण्याच्या काळात पाण्याचा ताण पडू न देणे अधिक मोलाचे, कारण बाष्पोत्सर्जन चालू असलेले पान स्वतःला गार ठेवते. हलक्या शेडनेटचाही उपयोग होतो. सावली दाट झाली तर मात्र पानांत साखर कमी तयार होते आणि परागकणांची उपासमार पुन्हा सुरू होते. लागवडीची तारीख ठरवताना कळ्या कोणत्या आठवड्यात येतील याचा हिशेब केलेला बरा.

हाच प्रकार थंडीतही घडतो. हरभऱ्यात दिवसरात्रीचे सरासरी तापमान 15 अंशांखाली राहिले की फुले येऊनही घाटे धरत नाहीत.

वळिवानंतर आठ-दहा दिवसांनी उमललेली फुले आपल्या मळ्यात कशी धरली, ते आठवून पाहावे. त्यांच्या कळ्या गारव्यात घडल्या होत्या. तेव्हा झुबक्यांत फळे वाढलेली दिसली असतील, तर गळीचे कारण आधीच्या आठवड्यातल्या उष्णतेतच होते असे समजावे.