सासूबाईंना 'अगं आई' म्हटलं, आणि...

प्रिय मैत्रीण,

तुम्ही लिहिता, 'माहेर पंढरपूरचं, सासर सोलापुरात पूर्व भागातलं, तेलुगू. लग्नाला वर्ष होत आलं. सासूबाईंना मी माझ्या आईसारखीच हाक मारते. परवा पाहुण्यांसमोर "अगं आई, तू चहा घेणार का?" म्हटलं आणि त्यांचा चेहरा पडला. नंतर नणंद म्हणाली, आमच्यात सुना असं एकेरी बोलत नाहीत. मी तर मायेनं बोलले. माझं काय चुकलं?'

तुमची माया खरी, आणि त्यांना लागलं तेही खरं. आपण आईला एकेरी बोलतो, विठोबालाही. पंढरपूरच्या मुलीला हे मी काय सांगणार! पण सासूला 'अहो आई' म्हणणारी मराठी घरंही पुष्कळ आहेत. तेलुगूत हा मान क्रियापदातच असतो. चहा पिणार का, हे बरोबरीच्याला 'तागुतावा', मोठ्यांना 'तागुतारा', आणि जास्त अदबीनं बोलायचं तर शेवटी 'अंडी'. अक्कलकोटकडच्या कानडीत तेच काम 'री' करतं. तुमचे यजमान स्वतःच्या आईशी एकेरीच बोलत असतील. मुलाला चालतं ते सुनेला का नाही, हा प्रश्न तुम्हाला पडला असेल तर तो रास्त आहे. मलाही हा भेद पटत नाही.

तरी एक गोष्ट बघा. वर्षभर तुम्ही 'अगं आई' म्हणताय आणि त्या काही बोलल्या नाहीत. म्हणजे घरात त्यांना ते गोडही वाटत असेल. परवा त्यांची माणसं समोर होती. सून एकेरी बोलली की पाहुणे सुनेला नावं ठेवतात आणि सासूची कीव करतात, तेच त्यांना झोंबलं असावं.

तेव्हा मध्ये कुणाला घालू नका. दुपारी त्या निवांत असताना शेजारी बसा आणि सरळ सांगा, 'माझ्या आईला मी अशीच बोलते, म्हणून तोंडातून गेलं. तुम्हाला काय आवडेल?' त्या म्हणतील तसं करा. चारचौघांत मात्र आजपासून 'अहो आई, चहा घेता ना?' आणि हे म्हणताना आवाजात रुसवा नको. फुरंगटून म्हटलेलं 'अहो' एकेरीपेक्षा जास्त बोचतं. तुमचं बोलणं झालं की मग यजमानांनीही आईला सांगावं की आमच्या हिच्या माहेरी 'अगं' म्हणजे जवळीक.

नणंदेवर राग धरू नका. तिनं पाहुण्यांदेखत टोकलं नाही, नंतर सांगितलं. तेलुगूचे पहिले धडे तिच्याकडूनच घ्या.

तुमची ताई