नोडला 'पात' नको, 'माजघर' म्हणा

गुहागरच्या एका शिक्षिकाबाईंनी विचारलंय: शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मुलं आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाची प्रतिकृती करतायत. 'युनिटी' या जोडणाऱ्या भागाला 'नोड' म्हणतात, तर त्याखाली मराठीत काय लिहावं? मुलांनी कोशात बघून 'पात' लिहिलंय.

बाई, 'पात' तेवढं खोडायला सांगा. शब्द खरा आहे, पण खगोलगणितातला. चंद्राची कक्षा क्रांतिवृत्ताला, म्हणजे आकाशातल्या सूर्याच्या भासमान वाटेला, छेदते ते दोन बिंदू म्हणजे पात, आपले राहू-केतू. स्थानकाच्या स्वतःच्या कक्षेलाही असे पात असतात, म्हणजे घोटाळा दुप्पट. वनस्पतिशास्त्रातलं 'पेर' त्यापेक्षा बरं, कारण उसाला-बांबूला डोळे फुटतात ते पेरावरच. पण पेरात कुणी राहत नाही.

माझं मत 'माजघर'.

आजोळच्या घरात ओटीवरून देवघरात जा, स्वयंपाकघरात जा, बाळंतिणीच्या खोलीत जा, वाट माजघरातूनच. माळ्याची शिडीही तिथंच टेकलेली. चौकट इतकी बुटकी की मोठ्या माणसांना वाकावंच लागे, आणि चारी बाजूंनी खोल्या असल्यामुळे भर दुपारीसुद्धा आत अंधार. पाहुणे आले की पानं मात्र तिथंच मांडायची.

आता युनिटी बघा. ४ डिसेंबर १९९८ ला एंडेव्हर शटलमधून ती वर गेली आणि दोनच दिवसांत स्थानकाच्या आधीच वर गेलेल्या पहिल्या भागाला, झार्याला, जोडली गेली. रशियनमध्ये झार्या म्हणजे पहाट. युनिटीची लांबी सुमारे साडेपाच मीटर, आणि जोडणीची तोंडं सहा: दोन टोकांना दोन, कडेला चार. त्यांतली नेहमीची दारं चौकोनी, जेमतेम सव्वा मीटरची. द्रव आणि वायू वाहून नेणाऱ्या २१६ नळ्या तिच्यातून जातात. रशियन बाजूकडून अमेरिकन प्रयोगशाळेत जायचं तर वाट हिच्यातूनच, आणि अंतराळवीरांचं जेवणाचं टेबलही हिच्यातच. याला माजघर नाही म्हणायचं तर कशाला?

व्युत्पत्तीही साथ देते. संस्कृत 'मध्य', प्राकृत 'मज्झ', त्यावरून 'माझ' किंवा 'माज'. अभंगांतलं 'माजी', म्हणजे 'मध्ये', याच कुळातलं. जुन्या मराठीत 'माज' म्हणजे कंबर, तोही देहाचा मध्यच. मुलं 'माज आला' आठवून हसतील, तर सांगा की तो माज वेगळा, 'मद्' धातूवरून आलेला.

स्थानकाचे नंतरचे नोड, २००७ ची 'हार्मनी' आणि २०१० ची 'ट्रँक्विलिटी', हीही माजघरंच. नावं भाषांतरित करू नका. पाटीवर 'युनिटी' आणि खाली बारीक अक्षरात 'स्थानकाचं माजघर' एवढं पुरे.

एक अपवाद मात्र करा. नोव्हेंबर २०२१ मध्ये रशियानं गोलाकार, सहा तोंडांचा 'प्रिचाल' जोडला. तो यानं लागण्यासाठी आहे, आणि रशियनमध्ये प्रिचाल म्हणजे होड्या लागायची जागा. त्याच्याखाली 'धक्का' लिहा. गुहागरच्या मुलांना तो शब्द समजावून सांगावा लागणार नाही. आणि क्रियापदही तेच ठेवा: यान धक्क्याला 'लागलं'.