स्पर्श झाला, संबंध नाही. तरीही एचआयव्हीची भीती

प्रश्न: मी 26 वर्षांचा असून नागपुरात नोकरी करतो. तीन आठवड्यांपूर्वी एका मैत्रिणीशी जवळीक झाली. संभोग झाला नाही; चुंबन, हाताचा स्पर्श आणि अंगाला अंग घासणे एवढेच घडले. तिचा स्राव माझ्या बोटाला लागला आणि त्या बोटावर खपली धरलेला ओरखडा होता. नंतर घसा दुखून ताप आला. दहाव्या दिवशीची तपासणी निगेटिव्ह आली, तरी झोप लागत नाही. पुढच्या महिन्यात साखरपुडा आहे. मला एचआयव्ही झाला असेल का?

उत्तर: तुम्ही लिहिलेल्या प्रसंगातून एचआयव्हीची लागण होत नाही, हे आधी स्पष्ट सांगते, कारण तीन आठवडे तुम्ही याच एका वाक्यासाठी जागत आहात. हा विषाणू रक्त, वीर्य, योनी व गुदाशयातील स्राव आणि आईचे दूध यांतून पसरतो, आणि तेही हे द्रव दुसऱ्याच्या रक्तात किंवा योनी, गुदद्वार, शिश्न यांच्या नाजूक अंतस्त्वचेपर्यंत पोहोचले तरच. अखंड त्वचेतून त्याला आत शिरता येत नाही. लाळेतून व घामातून तो पसरत नाही, शिवाय शरीराबाहेर, विशेषतः स्राव वाळू लागल्यावर, तो फार काळ तग धरत नाही. खपली धरलेला ओरखडा म्हणजे बुजलेली वाट. ताजी, रक्त वाहणारी जखम असती तर मी तुम्हाला डॉक्टरांशी बोलायला सांगितले असते.

ताप आणि घसादुखीवरून एचआयव्हीचे निदान कोणीही करू शकत नाही. साध्या विषाणूजन्य तापातही हेच होते. इंटरनेटवर लक्षणे पडताळणे कृपया थांबवा.

दहाव्या दिवशीची तपासणी मात्र घाईची होती. तुमच्या प्रसंगासाठी तपासणीची गरज नाही, तरी मन मानत नसेल तर तीन महिने पूर्ण झाल्यावर एकदाच करा आणि तो निकाल अखेरचा माना. नागपुरातील मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत जाऊन ‘आयसीटीसी (एचआयव्ही समुपदेशन व चाचणी केंद्र) कुठे आहे’ एवढेच विचारा. तेथे समुपदेशन आणि चाचणी मोफत होते. तुमच्या संमतीविना चाचणी करता येत नाही आणि निकाल गुप्त ठेवणे 2017 च्या एचआयव्ही व एड्स कायद्याने बंधनकारक आहे. तोवर कोणाशी बोलावेसे वाटले तर 1097 ही मोफत हेल्पलाइन आहे.

एका गोष्टीकडे मात्र लक्ष असू द्या. नागीण गटातील जननेंद्रियाचा हर्पिस, मस आणणारा एचपीव्ही विषाणू आणि सिफिलिस हे त्वचेच्या स्पर्शातूनही पसरू शकतात. फोड, व्रण किंवा मस दिसल्यास त्वचा व गुप्तरोग विभागात दाखवा.

साखरपुडा पुढे ढकलण्याचे कारण या प्रसंगात मला दिसत नाही. पुढे कधी निरोधाविना संभोग घडला आणि शंका आली, तर मात्र तीन आठवडे वाट पाहू नका: संसर्ग टाळणारी 28 दिवसांची औषधे 72 तासांच्या आत, शक्य तितक्या लवकर सुरू करावी लागतात.