ज्याने काही केलं नाही, त्याने जनसुरक्षा कायद्याला का घाबरावं?

तुमचा प्रश्न असा आहे: महाराष्ट्राचं विशेष जनसुरक्षा विधेयक नक्षलवाद्यांसाठी आहे, मग साध्यासुध्या माणसाने त्याची धास्ती का घ्यायची? ज्याने काही केलंच नाही, त्याला कसली भीती?

मी सोलापूरचा. आमच्या पूर्व भागात हा प्रश्न कुणी पुस्तकातून सोडवत नाही, म्हणून आधी एका कागदाबद्दल सांगतो.

आमच्या शेजारी एक अक्का राहतात. उभं आयुष्य विड्या वळण्यात गेलं. मांडीवर सूप, त्यात कापलेली पानं, बोटं आपोआप चालतात आणि तोंडाने घरातल्या सगळ्यांना सूचना चालू. घरात तेलुगू, मराठी बोलता येतं पण वाचता येत नाही. दोन-तीन वर्षांपूर्वी किमान वेतनासाठी पूनम गेटवर धरणं होतं. जिल्हा परिषदेचं ते गेट म्हणजे आमच्याकडचं कायमचं आंदोलनाचं ठिकाण. आदल्या रात्री एक पोलीस अक्कांच्या हातात कागद देऊन सही घेऊन गेला. अक्का तो घेऊन माझ्याकडे आल्या, कारण मी कारखान्यात हिशेब लिहितो आणि गल्लीत असले कागद मीच वाचून देतो.

ती कलम १४९ची नोटीस होती, म्हणजे पोलिसांनी आधीच दिलेली ताकीद. नव्या फौजदारी संहितेत त्याचं कलम १६८ झालं, पण लोक अजून १४९च म्हणतात. मजकूर ठरलेला: आपल्याकडून दखलपात्र गुन्हा घडण्याची शक्यता आहे, कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न निर्माण झाल्यास आपणास जबाबदार धरण्यात येईल, आणि सदर नोटीस आपणाविरुद्ध पुरावा म्हणून वापरण्यात येईल. मी वाचून दाखवलं. अक्कांनी विचारलं, "मी काय केलं?" मी म्हटलं, काही नाही अक्का, तुम्ही काही करू शकता असं त्यांना वाटतंय. त्या दुसऱ्या दिवशी गेल्याच, पण त्यांच्या दोन्ही सुना घरी बसल्या. त्यातली एक आजतागायत कुठल्या मोर्चाला गेलेली नाही.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. असे कायदे तुम्ही काय केलं हे विचारतच नाहीत. तुमच्याकडून काय होऊ शकतं असं अधिकाऱ्याला वाटतं, त्यावर ते चालतात. नोटिशीच्या पाठीमागे आज फार मोठी शिक्षा नाही. आता तीच "शक्यता" सात वर्षांच्या तुरुंगवासाला जोडून बघा.

विधेयक १० जुलै २०२५ला विधानसभेत आणि दुसऱ्या दिवशी परिषदेत मंजूर झालं. त्यातली बेकायदेशीर कृत्याची व्याख्या सगळ्यात महत्त्वाची आहे. बॉम्ब, बंदूक, खंडणी यांवर ती थांबत नाही. सार्वजनिक सुव्यवस्थेला धोका निर्माण करणारं, सुव्यवस्था राखण्यात अडथळा आणण्याकडे कल असलेलं, प्रस्थापित कायद्याची अवज्ञा करायला उत्तेजन देणारं किंवा तशी शिकवण देणारं कृत्यही त्यात येतं. ते बोलून, लिहून, खुणेने, चित्राने, कसंही केलेलं असो. सरकारने संघटना बेकायदेशीर ठरवली की तिच्या सभासदाला तीन वर्षांपर्यंत कैद. सभासद नसून वर्गणी दिली तरी दोन वर्षांपर्यंत. आणि असं कृत्य केलं म्हटलं तर वर सांगितलेली सात वर्षांपर्यंत. गुन्हे अजामीनपात्र. अक्का युनियनची पावती फाडतात, ती वर्गणीच आहे.

तुम्ही म्हणाल, नावातच कडव्या डाव्या संघटना असं लिहिलंय. हो, विधिमंडळाच्या संयुक्त समितीने ते शब्द घातले, पण त्यांच्या पुढे "किंवा तत्सम संघटना" हेही ठेवलं. आणि "कडवा डावा" म्हणजे नेमका कोण? सोलापुरात लाल बावटा, म्हणजे कम्युनिस्टांचा झेंडा, घराघरात आहे. कुंभारीजवळ गोदूताई परुळेकरांच्या नावाने विडी कामगार बायकांची दहा हजार घरं उभी राहिली ती माकपचे नेते आडम मास्तर यांच्या लाल बावट्याखाली वर्षानुवर्षं मोर्चे काढून. त्या घरांचं वाटप करायला २००६मध्ये पंतप्रधान मनमोहनसिंग आले. पुढे रे नगर या कामगारांच्या घरकुल वसाहतीची मागणीही त्याच लोकांनी लावून धरली, आणि १९ जानेवारी २०२४ला त्यातल्या पंधरा हजार घरांचं लोकार्पण पंतप्रधान मोदींनी सोलापुरात येऊन केलं. बोलताना त्यांचा गळा दाटून आला होता, ते साऱ्या देशाने पाहिलं. त्या किल्ल्या मोर्चातून आल्या. मोर्चात रस्ता अडला, जमावबंदी मोडली, साहेबांच्या गाडीला घेराव पडला. "अवज्ञा" हा शब्द एखाद्या अधिकाऱ्याने मनात आणलं तर या सगळ्याला लागू होतो.

सोलापूरकर म्हणून मला जे सगळ्यात जास्त बोचतं ते नव्वदहून जास्त वर्षांपूर्वीचं आहे. गांधीजींना मे १९३०च्या सुरुवातीला अटक झाली आणि सोलापूर पेटलं. ८ मेला पोलिसांनी गोळीबार केला, लोक मेले, चौकी जळली, पोलीसही मारले गेले. त्यानंतर काही दिवस शहरात इंग्रजांचं राज्य उरलंच नव्हतं. १२ मेला मार्शल लॉ लागला तो जूनअखेरपर्यंत. त्या सात आठवड्यांत गांधी टोपी घालणं, तिरंगा हातात धरणं हा गुन्हा होता. 'कर्मयोगी'चे संपादक रामभाऊ राजवाडे लिहिल्याबद्दल तुरुंगात गेले. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ला येरवड्यात फाशी दिली. ते पोलिसांच्या खुनात नव्हतेच, त्यांना गोवलं, ही आमच्या शहराची ठाम समजूत आहे. टोपी घालणाऱ्यानेही तेव्हा "मी काय केलं?" असंच विचारलं असेल.

कुणी म्हणेल, ते परके होते, आता आपलंच सरकार आहे. आपल्याच सरकारांचे दाखले देतो, आणि ते सगळ्या पक्षांचे आहेत. दहशतवादविरोधी टाडा कायदा १९८५चा, काँग्रेसचा. त्यात देशभर हजारो लोक आत गेले आणि शिक्षा झालेल्यांचं प्रमाण नगण्य राहिलं. शेवटी १९९५मध्ये तो गुंडाळावा लागला. नोव्हेंबर २०१२मध्ये पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवर मुंबई बंदबद्दल एकीने लिहिलं आणि दुसरीने ते लाइक केलं म्हणून अटक झाली, तेव्हा राज्यात काँग्रेस-राष्ट्रवादीचं सरकार होतं. त्यांनाही लावलेलं आयटी कायद्याचं ६६अ कलम सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५मध्ये रद्द केलं ते शब्द ढगळ आहेत म्हणूनच. आज सत्तेत असलेल्यांचे वडीलधारे आणीबाणीत मिसा या स्थानबद्धतेच्या कायद्याखाली तुरुंगात होते आणि त्या बंदींना महाराष्ट्र सरकार मानधन देतं. ते योग्यच आहे. पण त्या घरांत वाढलेल्या माणसांनी असं विधेयक आणावं याचं मला मनापासून दुःख होतं.

नक्षलवाद खोटा आहे असं माझं म्हणणं नाही. १ मे २०१९ला गडचिरोलीत जांभूळखेड्याजवळ भूसुरुंगाने आपले १५ जवान मारले. असं करणाऱ्याला कडक शिक्षा झालीच पाहिजे, आणि त्यासाठी दहशतवादाविरुद्धचा यूएपीए कायदा आहे, संघटित गुन्हेगारीविरुद्धचा मकोका आहे. त्यांत काय कमी पडलं हे सरकारने नीट सांगावं, माझी एवढीच मागणी आहे. छत्तीसगडने २००५मध्ये असाच कायदा केला आणि २००७मध्ये डॉ. बिनायक सेन त्याच्याखाली आत गेले. आदिवासी भागात दवाखाना चालवणारा तो माणूस.

दक्षिण कोरियाचंही सांगतो, कारण ती बातमी ऐकून माझ्या वडिलांनी जेवता जेवता हात थांबवला होता. ३ डिसेंबर २०२४च्या रात्री तिथल्या अध्यक्षांनी "मार्शल लॉ" जाहीर केला. कारण दिलं राष्ट्रविरोधी शक्तींचं. लोक कडाक्याच्या थंडीत संसदेपाशी धावले, खासदार कुंपणावरून उड्या मारून आत शिरले, १९०पैकी १९० मतं विरोधात पडली आणि काही तासांत सगळं मागे घ्यावं लागलं. पुढे एप्रिलमध्ये अध्यक्षांचं पदही गेलं. ती माणसं एवढ्या तातडीने उठली कारण ग्वांगजूमध्ये १९८०च्या मे महिन्यात लष्कराने काय केलं ते त्यांच्या घरात सांगितलं जातं. वडील म्हणाले, "आपल्याकडंबी मेच होता की."

आपल्याकडे या विधेयकावर बारा हजारांहून जास्त सूचना-हरकती गेल्या. त्यामुळेच मूळ मसुद्यातला "व्यक्ती" हा शब्द निघाला आणि संघटनेवरची बंदी तपासणाऱ्या सल्लागार मंडळाची रचना बदलली. लोकांनी लिहिलं म्हणून एवढं तरी झालं. मराठी मसुदा मिळवा आणि व्याख्येचं कलम घरात मोठ्याने वाचा. मग तुमच्या ओळखीतल्या कुणाकुणाला ते लागू होतं ते मोजा: दुधाच्या भावासाठी रस्त्यावर दूध ओतणारा शेतकरी, पाण्यासाठी हंडे घेऊन महापालिकेवर गेलेल्या बायका, संपावरची अंगणवाडी सेविका.

अक्कांची ती नोटीस अजून माझ्याकडे आहे, हिशेबाच्या वहीत घातलेली. मागच्या महिन्यात त्यांच्या सुनेने ती मागून नेली, फोटो काढला आणि परत आणून दिली. कशाला, ते मी विचारलं नाही.