पद्मिनीचा सेल्फ रखडतोय? उतरवण्याआधी मीटर लावा

तुमची लक्षणं अशी: प्रीमियर पद्मिनी, बॅटरी नवी, सकाळी गाडी कशीबशी सुरू होते, पण पन्हाळा उतरून आल्यावर लगेच चावी मारली की सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) रखडतो. गॅरेजवाले सेल्फ बदला म्हणतात. इतक्यात बदलू नका.

बॅटरी नवी असली तरी भरलेली असेलच असं नाही. रात्रभर उभ्या गाडीत 12.6 व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत, 12.2 म्हणजे जेमतेम अर्धी, आधी चार्ज करा. मग गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला आणि इग्निशन कॉइलची बारीक पॉझिटिव्ह वायर काढून टेप लावलेली, म्हणजे इंजिन पकडणार नाही. चावी मारायला कुणाला तरी बसवा. एका वेळी पाच-सात सेकंद, मग मिनिटभर विश्रांती.

इथेच गरम इंजिनावर एक गोष्ट लक्षात येते. कॉइलची वायर काढल्यावर सेल्फ झपाझप फिरला, तर दोष सेल्फचा नाहीच. टायमिंग जास्त अ‍ॅडव्हान्स आहे, म्हणजे ठिणगी फार लवकर पडते, आणि इंजिन उलटा धक्का देतंय. डिस्ट्रिब्युटर (ठिणगीची वेळ ठरवणारा भाग) नीट लावून घ्या.

तरीही रखडला तर मीटर 20 व्होल्ट डीसीवर ठेवा. सेल्फ फिरताना बॅटरीवर 9.6 च्या खाली गेलं, तर बॅटरी कमजोर आहे किंवा सेल्फ जादा करंट ओढतोय. व्होल्टेज टिकतंय आणि तरी सेल्फ हळू, तर वायरिंग बघा. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह शिशाच्या खांबावर (क्लॅम्पवर नको), दुसरं सेल्फच्या बॉडीवर, घासून चकचकीत केलेल्या जागी. फिरताना 0.3 च्या वर गेलं की अर्थिंग खराब. पॉझिटिव्ह खांबापासून सेल्फच्या मोटरकडच्या बोल्टपर्यंत 0.5 चालेल, त्यातले सॉलेनॉइडच्या (सेल्फला करंट जोडणाऱ्या स्विचच्या) दोन जाड बोल्टांमध्ये 0.2 पेक्षा जास्त नकोत.

ओहम रेंजवर हे सापडत नाही. 200 अँपियरला 0.005 ओहमसुद्धा एक व्होल्ट खातो, आणि साधा मीटर तो शून्यच दाखवतो.

इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणून इंजिन ते बॉडी ही अर्थिंगची पट्टी फार महत्त्वाची. ती तुटली की करंट चोक आणि अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो; सेल्फ मारल्यावर केबल कोमट लागली तर निदान झालंच. आपल्याकडच्या पावसात थिंबलच्या (केबलच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या तुकड्याच्या) तोंडाशी तांबं हिरवं पडतं आणि इन्सुलेशनच्या आत बोटभर काळं होतं. तेवढं कापून नवं थिंबल दाबून बसवा. केबल बदलायचीच तर 35 चौरस मिलिमीटरची घ्या.

हे सगळं ठीक निघालं, तरच सेल्फ उतरवा. गरम झाल्यावरच रखडणाऱ्या सेल्फमध्ये माझा पहिला संशय बुशवर (शाफ्टचं टोक ज्यात फिरतं ती नळी). बुश झिजले की आर्मेचर (सेल्फचा फिरणारा भाग) खाली बसून पोल शूला (बाजूच्या स्थिर लोखंडी तुकड्याला) घासतं, त्यावर चमकदार ओरखडे दिसतात. कोल्हापूरच्या उद्यमनगरात आर्मेचर ग्राउलरवर (वाइंडिंगमधला शॉर्ट शोधणाऱ्या यंत्रावर) तपासून मिळतं. शॉर्ट नसेल तर रिवायंडिंगचा खर्च करू नका. नवे सच्छिद्र ब्राँझ बुश बसवण्याआधी 24 तास इंजिन ऑइलमध्ये भिजवा. कार्बन ब्रश होल्डरमध्ये सहज सरकले पाहिजेत. कम्युटेटरला (कार्बन जिथे घासतात त्या तांब्याच्या भागाला) एमरी लावू नका, बारीक काचपेपर वापरा.

परत बसवताना सेल्फचा आणि बेल हाउसिंगचा (इंजिन-गिअरबॉक्समधल्या ज्या कवचावर सेल्फ बसतो त्याचा) टेकणारा भाग धातू दिसेपर्यंत खरवडा. सेल्फची अर्थिंग तिथूनच होते, आणि हौसेने सगळीकडे रंग मारलेल्या गाड्यांत ती नेमकी तिथेच अडते.